अर्धा टाका

चारुता निगवेकर घाबरट आहे, हे मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या तिच्या गल्लीत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. सप्टेंबर लागला की मॅगपाय पक्षी माणसांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून ती कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंतसुद्धा छत्री उघडून जाते. ओढ्याकाठी सापांची पाटी लागली त्या दिवसापासून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचं काम नवऱ्याकडे, म्हणजे अजितकडे, गेलं ते गेलंच. फ्रीवेवर गाडी घालायची वेळ आली की ती आधी बाजूला थांबून पाणी पिते. शेजारच्यांचा स्मोक अलार्म बॅटरी संपली म्हणून टिकटिकला, तर ही पासपोर्ट घेऊन रस्त्यावर. "आपल्याला इथे कायम राहायचं पीआर मिळायच्या आधी हिच्या भीतीला मिळालं होतं," असं अजित चारचौघांत सांगतो. लोक हसतात आणि चारुताही हसते, कारण आपण हसलो नाही तर लोकांना राग येईल, याचीही तिला भीती असतेच.

आता अशा बाईने जन्म कुठे काढावा? तर सुया, कात्र्या, टाचण्या आणि वाफेच्या इस्त्र्या यांच्यात. चिंचवडहून ती फॅशनचा डिप्लोमा करायला मेलबर्नला आली, डिप्लोमा झाला, लग्न झालं, श्रिया झाली, आणि डिप्लोमाचं करायचं काय हे कुणालाच कळेना. मग एका शॉपिंग सेंटरमधल्या अल्टरेशनच्या दुकानात ती पँटींचे पाय आखूड करत बसली. शनिवार-रविवारी घरी ब्लाउज. ट्रुगानिनापासून क्रेगीबर्नपर्यंतच्या मराठी बायका गणपतीच्या आधी महिनाभर तिच्या दारात उभ्या असत. दुकानात एकदा मॉरीन नावाची एक उंच, पांढऱ्या केसांची बाई चेन बदलायला जॅकेट घेऊन आली. मशीनपाशी कुणाचा तरी कटोरी ब्लाउज पडला होता. मॉरीनने तो उचलला, उलटा केला, आतली शिवण बघत राहिली. चारुताचे पहिले शब्द होते, "सॉरी, काही चुकलंय का?" चुकलं काही नव्हतं. मॉरीनचं फुट्सक्रेला नाटकाच्या आणि नाचाच्या कपड्यांचं वर्कशॉप होतं आणि तिला माणूस हवं होतं.

तिथे चारुता सहा वर्षं सुखाने होती. सुखाने म्हणजे तिच्या मानाने. धुराच्या मशीनमधून धूर निघाला की ती स्टेज मॅनेजरला आग लागल्याचं कळवायची. पहिल्यांदा तो पळत आला, दुसऱ्यांदा चालत आला, तिसऱ्यांदा त्याने नुसता अंगठा दाखवला.

गेल्या वर्षी मॉरीनच्या डोक्यात अठरावं शतक शिरलं. एका छोट्या नृत्यकंपनीने ठरवलं की पॅरिसमध्ये अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी बॅले जसा व्हायचा तसा एक बॅले करायचा, कपड्यांसकट. गोष्ट साधीच होती. समुद्राची मुलगी वादळात सापडते, वारे तिला घेरतात, शेवटी वाऱ्यांचा राजा तिला उचलून नेतो. पण कपडे! मॉरीन चहाचा मग हातात घेऊन समजावत बसायची. त्या काळी बॅलेतल्या बाया पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहत नसत, ते खूळ पुढच्या शतकातलं. या नाचायच्या टाचांच्या बुटांवर. कमरेच्या दोन्ही बाजूंना वेताचा पिंजरा, इतका रुंद की दारातून आडवं होऊन जावं लागे. त्यावर रेशीम, जर, झालरी. पुरुषांनीही मागे राहू नये म्हणून त्यांच्या कमरेला ताठ फुगीर घागरा. आणि सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. "अँड ऑल धिस बाय कँडललाइट, डार्ल," मॉरीन मजेत म्हणायची. "एखादीची झालर मेणबत्तीला लागली की संपलंच."

"आपण मेणबत्त्या नाही ना लावणार?" चारुताने विचारलं. नाही म्हणून सांगितलं तरी तिने आठवड्याने पुन्हा विचारलं.

मुखवटे तर तिला अजिबात सहन होत नसत. वाऱ्यांचे मुखवटे फुगलेल्या गालांचे, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. वर्कशॉपच्या भिंतीवर ते ओळीने टांगलेले. संध्याकाळी निघताना चारुता ते भिंतीकडे तोंड करून ठेवायची, आणि सकाळी आल्यावर मॉरीन मुकाट्याने सरळ करायची.

समुद्राच्या मुलीचं काम इमोजेनला मिळालं होतं. बॅलरॅट गावची पोरगी, विशी नुकती ओलांडलेली, नाकावर वांगाचे ठिपके, अंगाने काडी. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि तीही आतून घाबरलेली होती. चारुताला घाबरलेली माणसं लांबून ओळखू येतात. ती डब्यातून शंकरपाळे न्यायची, इमोजेन ते मोजकेच खायची आणि फिटिंगला तासन्‌तास उभी राहायची. "घट्ट होतंय का? हात वर जातो का? चालेल का?" असं चारुता विचारायची, आणि इमोजेन उलट विचारायची, "यू हॅपी, चारू?" चारुता आपल्या सवयीने मान झुलवायची, या खांद्याकडून त्या खांद्याकडे, हो हो, चालेल, अशी. पहिले काही दिवस इमोजेन गोंधळली. मग तिने छडा लावला. "चारूची मान आडवी हलली की ते यस असतं," असं तिने सगळ्या नाचणाऱ्यांना सांगून ठेवलं. पोरं एकमेकांना तशी मान हलवून दाखवायची. चारुताला त्याचं काही वाटलं नाही.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या काळच्या पोशाखाला पुढून एक त्रिकोणी, जरीचा कडक पट्टा असतो, गळ्यापासून पोटापर्यंत. तो झग्याला जोडलेला नसतो. बाईने कपडे घातले की तो छातीवर ठेवायचा आणि दोन्ही कडांना टाचण्या लावायच्या, किंवा सरळ टाके घालायचे. रोज घालायचे, रोज उसवायचे. मॉरीन म्हणाली, टाचण्या उडतील, ही मुलगी उड्या मारणार. हुक लावले तर वाकताना फट दिसेल. तेव्हा टाके.

"म्हणजे तिच्या अंगावर?" चारुताने विचारलं.

"वेल, येस. ऑन द बॉडी."

अंगावर कपडा शिवायचा नसतो. हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. लहानपणी शाळेची घाई असताना फ्रॉकचं बटण तुटलं की आई आधी तिच्या दातांत दोऱ्याचा तुकडा द्यायची, धर म्हणायची, आणि मगच सुई हातात घ्यायची. का, असं विचारलं तर एकच उत्तर. अंगावर मेलेल्या माणसाचं शिवतात. जिवंत माणसाचं शिवायची वेळ आलीच, तर त्याच्या तोंडात दोरा द्यायचा, म्हणजे ते शिवणं त्याला लागत नाही. तिला हे खरं वाटायचं का? तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, छे, असं काही नसतं. पण तिने आजवर अजितचं साधं बटणही दोरा दिल्याशिवाय लावलं नव्हतं, आणि अजित त्या दोऱ्यातूनच ऑफिसचे फोन घ्यायचा.

त्यात भर शिवणक्लासच्या बाईंची. त्या चिंचवडला वर्गाला दरवर्षी सांगायच्या की सुई हरवली तर काम थांबवा, कारण सुई अंगात शिरली की एका जागी राहत नाही. ती रक्तातून फिरते आणि काळजात जाऊन बसते. डॉक्टर लोक यावर हसतात. चारुता हसत नाही.

तेव्हा पहिल्या रंगीत तालमीला तिने इमोजेनच्या दातांत दोऱ्याचा तुकडा दिला. इमोजेनला गंमत वाटली. दुसऱ्या तालमीला तिने स्वतःहून मागून घेतला. तिसऱ्या तालमीला कुणीतरी काहीतरी विनोद केला, इमोजेनला दोऱ्यासकट हसू आलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. झालं. मॉरीन धावत आली.

"चारू, आय नो इट मीन्स समथिंग टू यू. पण हे चालणार नाही. चोकिंग हॅझर्ड आहे तो. तिला काही झालं तर मी काय सांगू?"

चारुताने मान खाली घातली. घरी येऊन तिने अजितला सांगितलं, "मला नाही जमणार रे. उद्या शो आहे. तिच्या तोंडात काही नसताना मी तिच्यावर सुई नाही चालवू शकत."

"अगं, मग सिक लीव्ह टाक ना."

"आणि मॉरीनने रागावून काढूनच टाकलं तर?"

"मॉम, इट्स जस्ट थ्रेड," श्रिया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "यू होल्ड इट, इफ यू आर सो स्केअर्ड."

पोरगी गमतीत बोलून गेली. पण चारुताला ते पटलं. बारा वर्षांच्या मुलीचं ऐकून तिने ठरवलं की इमोजेनच्या वाटचा दोरा आपणच आपल्या दातांत धरायचा. मॉरीनने इमोजेनच्या तोंडाची बंदी केली होती, चारुताच्या तोंडाची नव्हे. देवाला एवढं कळत असेलच, असं तिच्या मनाने घेतलं आणि त्या रात्री तिला झोप लागली.

रविवारचा दुपारचा प्रयोग. शहराच्या उत्तरेकडचा एक जुना टाउन हॉल, लाकडी स्टेज, मागे चिंचोळा बोळ, आणि त्या बोळाच्या टोकाला कपडे बदलायची खोली. इमोजेन पिंजरा कमरेला बांधून उभी. मुखवटा कपाळावर सरकवलेला. तिचे ओठ पांढरे पडले होते. चारुताने दोऱ्याचा तुकडा दातांत घट्ट धरला, गुडघ्यांवर बसली आणि टाके घालायला लागली. उजवी कड झाली. डावी कड वरून खाली येत गेली. कमरेपाशी झग्याच्या आतल्या दोन ताठ काड्यांच्या मध्ये बोटभर जागा अशी होती की तिथे नुसतं कापड होतं, खाली लगेच बरगडी. मॉरीनने मुद्दाम तशी ठेवली होती, मुलीला वाकता यावं म्हणून. शेवटचा टाका तिथेच यायचा. इमोजेनचा श्वास चारुताच्या बोटांना लागत होता. तिने सुई आत घातली, टोक अजून बाहेर काढायचं होतं, आणि भिंतीवरचा स्पीकर खरखरला. समुद्रकन्येला स्टेजवर बोलावत होते. नेहमीपेक्षा लवकर.

"डन?" इमोजेनने विचारलं.

चारुताच्या तोंडात दोरा. तो सोडला तर मधेच सोडल्यासारखं होईल. कमरेपाशी डोकं टेकलेलं असतानाच तिने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, थांब. इमोजेनने वरून पाहिलं. चारूच्या केसांचा भांग आडवा हलत होता.

"यू लेजंड!" ती म्हणाली, मुखवटा खाली ओढला आणि पळाली.

चारुता गुडघ्यांवर, हात तसाच हवेत. तिने दोरा थुंकला, "इमोजेन!" अशी हाक मारली, पण स्पीकर पुन्हा खरखरला आणि ती हाक दारापर्यंतही गेली नाही. पिंजरा बोळातून आडवा होऊन वळला आणि दिसेनासा झाला. डाव्या कमरेपाशी पांढऱ्या दोऱ्याची शेपटी लोंबत होती, ती तिने पाहिली. सुई आत होती.

मग जे सुरू झालं त्याला भीती म्हणायचं, तर आजवरच्या तिच्या सगळ्या भीत्यांना दुसरं काहीतरी नाव द्यावं लागेल. तिने आधी जमिनीवर पाहिलं, पडली असेल, पडली असू दे. गालिचा हातांनी चाचपला. मग बोळ, सगळा बोळ रांगत. सुई नव्हती. तिकडे व्हायोलिनं सुरू झाली. तिला सगळा नाच पाठ होता. आधी समुद्रकन्या एकटी, मग चार वारे येतात, मग विंगेत टांगलेला मोठा पत्रा दोन माणसं धरून हलवतात आणि वीज कडाडते, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कडाडली की लॅकलन, वाऱ्यांचा राजा, सहा फुटी जवान, मागून येऊन इमोजेनला दोन्ही हातांनी कमरेला धरतो आणि वर उचलतो. कमरेला. तिथेच.

स्टेज मॅनेजर विंगेत कानाला हेडसेट लावून उभा होता. चारुताने त्याची बाही धरली.

"सुई राहिलीय. तिच्या कपड्यात. प्लीज, थांबवा."

"चारू," तो कुजबुजला, अगदी मायेने, "नो वरीज. एव्हरीथिंग इज फाइन."

"नाही, या वेळी खरंच—"

"इंटर्व्हलला बघू, मेट. ओके?" आणि त्याने अंगठा दाखवला.

त्याला तरी काय दोष द्यायचा? तिने त्याला इतक्या वेळा आग लागल्याचं सांगितलं होतं. मॉरीन समोर प्रेक्षकांत, पाचव्या रांगेच्या मधोमध बसलेली. तिथवर जायचं म्हणजे बाहेरून वळसा, अंधार, लोकांच्या गुडघ्यांवरून. पत्रा कडाडला. पहिली वीज.

चारुता विंगेच्या काळ्या पडद्याला धरून उभी राहिली. इमोजेन वाकत होती, उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे वाकली की चारुताच्या स्वतःच्या बरगडीत कळ यायची. तिला शिवणक्लासच्या बाई दिसत होत्या, फळ्यावर माणसाचं चित्र काढून बाण दाखवणाऱ्या, इथून इकडे, इकडून काळजात. आपण हिला अंगावर शिवलं. तोंडात काही न देता शिवलं. आणि वर सुई आत ठेवली. बॅलरॅटला हिची आई आहे. तिला काय सांगायचं, की मी नाही म्हणत होते?

दुसरी वीज कडाडली. चारी वारे स्टेजच्या कडेने गोल फिरायला लागले, फुगलेले गाल, भोकांचे डोळे. पलीकडच्या विंगेत लॅकलन तयार होता, तो खांदे सैल करत होता.

स्टेजवर जायचं असं तिने ठरवलं वगैरे नाही. तिला शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतलं झाड केलं होतं तेव्हाही ताप भरला होता. श्रियाच्या शाळेत पालकांनी नाव सांगून ओळख करून द्यायची असते, तर ती आदल्या दिवशीपासून जेवत नाही. पण तिच्या डोळ्यांना ती दोऱ्याची शेपटी दिसली, दिव्यांच्या उजेडात, इमोजेनच्या कमरेवर हलताना, आणि मग तिला दुसरं काही दिसेना. ती घाबरत घाबरतच पडद्याबाहेर पडली.

दिवे इतके प्रखर की तोंडावर गरम हवा आल्यासारखी वाटली. पुढे काळोख आणि त्यात माणसं आहेत एवढंच कळत होतं. एक वारा तिच्या अंगावरून गेला, मुखवट्याच्या आतून "व्हॉट द—" असं पुटपुटत. दुसऱ्याच्या ताठ घागऱ्याची कड तिच्या कोपराला लागली. काळ्या कपड्यांतली, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात टेप अडकवलेली ही बुटकी बाई वादळात काय करतेय, असं प्रेक्षकांना वाटलं असेल. काहींना ती गोष्टीतलीच वाटली, असं नंतर कळलं. चारुताला रडू फुटत होतं. ती चालत राहिली.

तिसऱ्यांदा पत्रा हलला.

इमोजेनची पाठ तिच्याकडे होती. लॅकलन झेप घेऊन आला. चारुताने हात लांब केला, कमरेवरची शेपटी बोटांना लागली, ती तिने गुंडाळून ओढली आणि सुई सरळ तिच्या मुठीत आली. मूठ बाजूला घ्यायला मात्र वेळ नव्हता. लॅकलनचा पंजा तिच्या मुठीवर पडला आणि उचलायच्या जोराने आवळला गेला.

काहीतरी तुटल्याचं तिला ऐकू आलं नाही, जाणवलं. मग तळव्यात आग झाली.

लॅकलनच्या हाताला परक्या हाताची हाडं लागली तसा तो दचकला, इमोजेन त्याच्या हातातून घसरून पायांवर आली आणि मुखवट्याच्या भोकांतून चारुताकडे बघत राहिली. व्हायोलिनं थोडी पुढे गेली आणि एकेक करून थांबली. कुणीतरी पडदा ओढला. पडद्यापलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

चारुताने मूठ उघडली. दोरा होता, त्याच्या टोकाला सुईचं नेढं आणि अर्धी सुई होती. उरलेली अर्धी कुठेच नव्हती. तळव्यावर अंगठ्याच्या उंचवट्यापाशी रक्ताचा एक बारीक थेंब, बस. ती इमोजेनच्या कमरेवर हात फिरवत राहिली, दाबून दाबून, दहा वेळा. "दुखतंय? इथे? इथे दुखतंय?" इमोजेन नाही म्हणाली. चारुताला एकदम इतकं हलकं वाटलं की ती स्टेजवर मटकन बसली. सुई आपल्यात आहे. पोरीच्या अंगात नाही, आपल्यात आहे. बरं झालं, असं तिच्या तोंडून मराठीत निघालं.

ते हलकेपण फार टिकलं नाही. फर्स्ट एडवाल्या बाईने तिला कपडे बदलायच्या खोलीत नेऊन हात पाहिला, टॉर्च मारला, आणि म्हणाली की तुकडा आत आहे, इमर्जन्सीला न्यायचं, आत्ताच, हात खाली सोडू नका. मॉरीन पाचव्या रांगेतून धावत आली होती. तिची गाडी मागच्या दाराशी आणली. आणि मग चारुताने दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं. फिरतेय ती. मनगटाशी आली असेल. तिला कोपरात खरोखर काहीतरी टोचल्यासारखं झालं. स्टेज मॅनेजर समोर उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता. "आय शुड हॅव लिसन्ड," असं तो दोनदा म्हणाला. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

"चल, चारू," मॉरीन म्हणाली.

चारुता दोन पावलं चालली आणि थांबली. इमोजेन भिंतीला टेकून उभी होती, तिला त्या पिंजऱ्यामुळे बसता येत नव्हतं. मुखवटा काढलेला, डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलेलं. जरीचा पट्टा छातीवर तसाच, दोन्ही कडांनी शिवलेला.

"तू हो म्हणालीस ना," ती रडत म्हणाली. "आय थॉट यू सेड यस."

"नाही म्हणाले होते," चारुता म्हणाली. "रडू नकोस. सरळ उभी राहा."

"चारू, लीव्ह इट! मी कापते ते कात्रीने," मॉरीन ओरडली. "तू गाडीत बस आधी."

ज्याने शिवलं त्यानेच उसवावं, असा काही रिवाज नाही. असला तरी चारुताला माहीत नव्हता. पण अंगावर शिवलेली ही पोर अशी उभी टाकून दारातून बाहेर पडायचं, हे तिच्याने होईना. त्यात कात्री पोरीच्या बरगडीपाशी जाणार. चारुताने उजवा हात मॉरीनच्या खांद्यावर उंच धरायला दिला, डाव्या हाताने खिशातून टाके उसवायचं बारीक हत्यार, उसवणी, काढली आणि वरून पहिला टाका उचलला.

सुईचा तुकडा त्या संध्याकाळी निघाला. तळव्यातच होता, जिथे शिरला त्याच्या जरासा खाली, काळजाच्या वाटेला तो गेलाच नव्हता. पण हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिच्या हिशेबाने तो दंडात होता. प्रत्येक टाक्याला ती मनात म्हणत होती, आता खांद्याला आला, आता काखेत आला, आणि दात वाजत असताना पुढचा टाका उचलत होती. डाव्या हाताला सवय नव्हती, म्हणून वेळ लागत होता. फर्स्ट एडवाली बाई दारातून हाका मारत होती. मॉरीन नुसता तिचा हात उंच धरून उभी होती. डावी कड संपली, उजवी सुरू झाली. इमोजेन श्वास रोखून उभी होती, आपण हललो तर चारूला लागेल म्हणून.

"श्वास घे गं," चारुता म्हणाली.

शेवटचा टाका सुटला आणि पट्टा तिच्या हातात आला. तो निघाल्याबरोबर इमोजेनने छाती भरून श्वास घेतला, मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. चारुताने तिच्या बरगड्यांवरून पुन्हा एकदा हात फिरवला. अंगावर एक टाका राहिलेला नव्हता.

मग तिने पट्टा खुर्चीवर ठेवला. मॉरीनने तिला काखेतून धरलं, आणि चारुता लहान मुलीसारखी हुंदके देत म्हणाली, "मला फार भीती वाटतेय. आता मला न्या."